येते म्हणाल्याची तारीख

आमच्या घरात 'जाते' हा शब्द चालत नाही. कोपऱ्यावरून दूध आणायला निघालं तरी 'येते' म्हणायचं आणि घरात जो असेल त्याने 'ये' म्हणायचं. चुकून कुणाच्या तोंडून 'जाते' निघालं, की आई असेल तिथून ओरडते, "जाते काय! येते म्हण!" एरवी तिला दाराची घंटा ऐकू येत नाही, पण हा शब्द बाथरूमचा नळ सुरू असला तरी ऐकू येतो.

लहानपणी मी हुज्जत घालायचे. "अगं, मी जातेच आहे ना? मग जाते म्हटलं तर काय बिघडलं?"

"जाणारं माणूस जाताना दिसतंच," आई म्हणायची. "ते सांगायला कशाला हवं? येणार आहेस की नाही, तेवढं सांग."

तर या एका शब्दापायी माझ्या ताईचं नागरिकत्व अडकलं. आता हसू येतं, पण तेव्हा आम्हा सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

आम्ही या देशात आलो तेव्हा ताई दहा वर्षांची होती आणि मी आईच्या कडेवर. बाबांनी रस्त्यालगतच्या गाळ्यात बुटांचं दुकान टाकलं आणि त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर घेतलं. पुढे आईबाबांना नागरिकत्व मिळालं, तेव्हा त्यांच्या अर्जात मीही बसले, बसमध्ये मांडीवरचं पोर बसतं तशी. ताईला मात्र नेमकी त्याच वर्षी अठरा पूर्ण झाली होती. सज्ञान माणसाने आपला अर्ज आपण करायचा, असा नियम. आणि ताईने अर्ज करायच्या ऐवजी शिकायला बाहेर जायचं ठरवलं होतं.

त्यालाही कारण बाबांचं दुकानच. तिथे एक टपालवाले काका यायचे. अपघातात त्यांचा एक पाय गुडघ्याखालून गेला होता. नकली पाय बसवला होता आणि तो सारखा टोचायचा. बाबा त्यांच्या बुटात कधी लोकरीचा मऊ नमदा भरायचे, कधी टाच उंच करायचे. काका चार दिवस बरे चालायचे आणि पाचव्या दिवशी पुन्हा लंगडत यायचे. ताई शाळेतून आल्यावर शेजारी बसून हे सगळं बघत असायची. एक दिवस म्हणाली, "बाबा, बूट बरोबर आहे. पाय चुकलाय."

तेव्हापासून तिच्या डोक्यात पाय शिरले ते शिरलेच. नकली पाय बनवायचं शिक्षण इथे नव्हतं, म्हणून ती परदेशी गेली. (आईने हे वाचलं तर 'गेली'वर काट मारेल.) आधी पदवी, मग वर्कशॉपमधली उमेदवारी, मग त्याच्याही पुढचं काहीतरी. मी शाळा संपवून बाबांच्या शेजारी बसून बुटांचे वरचे भाग शिवायला लागले, तरी हिचं शिक्षण चालूच. बाबा गिऱ्हाइकांना सांगायचे, "मी बूट करतो, थोरली पाय करते. आता डोकी करणारा जावई मिळाला की माणूस पुरा झाला."

आता माझी तक्रार ऐका. ताई लांब, पण घरात तिची सत्ता. खोली आमची दोघींची, खाटा दोन. खिडकीजवळची ताईची, दाराजवळची माझी. ताई नसली तरी खिडकीजवळच्या खाटेवर मी झोपायचं नाही. झोपायचं सोडा, तिच्यावर काही ठेवायचंही नाही. मी एकदा ओला टॉवेल टाकला तर आईने अख्खी संध्याकाळ ऐकवलं.

"ती आली तर कुठे झोपेल?"

"आई, ती परीक्षा झाल्यावर येणार आहे. अजून चार महिने आहेत."

"आधीच आली तर?"

आई दर रविवारी त्या खाटेची चादर बदलायची. न झोपलेली चादर धुवायची! कपाटाचं उजवं दार ताईचं, आणि माझे कपडे खाटेखालच्या सुटकेसमध्ये. कान तुटलेला निळा कप ताईचा, त्यात दुसऱ्या कुणी चहा प्यायचा नाही. बाबा तर आईच्या वरताण. त्यांनी ताईच्या मापाचा लाकडी फर्मा, म्हणजे ज्याच्यावर बूट चढवून शिवतात तो पाय, दुकानात पहिल्या ओळीत ठेवलेला. त्यावर दर वर्षी तिच्यासाठी एक नवा जोड शिवायचे आणि घरातल्या रॅकवर मांडायचे. मग माझ्या चपला कुठे? जिन्यात. चप्पल शिवणाऱ्याच्या पोरीच्या चपला जिन्यात, कुणाला सांगायची सोय नाही.

गेल्या वर्षी ताई शिक्षण संपवून परत आली. इथल्या मोठ्या दवाखान्यात नकली पायांचं वर्कशॉप नव्याने उघडणार होतं आणि त्यांना असं शिकलेलं माणूस हवं होतं. ताईसाठीच जागा काढल्यासारखी. अट एकच, नेमणूक फक्त नागरिकालाच. ताईचा राहण्याचा परवाना उन्हाळ्याबरोबर संपणार होता. त्याआधी नागरिकत्व मिळालं तर ती नोकरी आणि हे घर. नाही मिळालं तर सामान बांधून परत तिकडे, जिथे तिच्या शिक्षकांनी तिच्यासाठी एक टेबल राखून ठेवलं होतं. आणि या वेळी शिकायला नाही, कायमचं.

मला वाटायचं, बरं होईल, खिडकी मिळेल. असं मी मोठ्याने म्हणायचेसुद्धा. मनातून मात्र ताई रात्री शेजारच्या खाटेवर कूस बदलायची त्याचा आवाज आला की मला लगेच झोप लागायची. तो आवाज कायमचा बंद होईल या विचाराने मात्र मी जागीच राहायचे.

नागरिकत्वाच्या कचेरीत खिडकीवरच्या गृहस्थांनी ताईला नीट समजावलं. शिक्षणासाठी बाहेर काढलेली वर्षं धरता येतात, पण त्या काळात अर्जदाराचं घर इथेच होतं अशी खात्री पटली पाहिजे. माणूस बाहेर असला तरी चालेल, घर बाहेर नको.

ताईने चार दिवस खपून अर्ज भरला. तिचं अक्षर सुबक, पाय बनवणारीचा हात. शेवटच्या दिवशी अर्ज टेबलावर ठेवून ती आंघोळीला गेली आणि आईने तो सहज वाचायला घेतला. एका रकान्यावर छापलं होतं, 'देशातून गेल्याची तारीख'. खाली ताईने एकेका प्रवासाची तारीख लिहिली होती. आईला ते बघवेना. 'गेल्याची तारीख' काय! आमच्यात माणूस 'गेला' म्हणजे दुसरंच काही होतं. तिने बाबांचं चामड्यावर खुणा करायचं जाड पेन उचललं, छापील 'गेल्याची' या शब्दावर काट मारली आणि वर लिहिलं, 'येते म्हणाल्याची'.

ताईने तो अर्ज इतक्या वेळा वाचला होता की आता पुन्हा वाचवेना. तिने तो तसाच पाकिटात घातला आणि देऊन आली.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. छापील मजकुरात खाडाखोड केलेली आहे, तारखांचा अर्थ लागत नाही, अर्जदाराचं वास्तव्य संशयास्पद वाटतं, सबब घरी येऊन चौकशी करण्यात येईल.

ताई टेबलाशी पत्र धरून बसली. "मी कुठे खाडाखोड केली? एक अक्षर खोडलं नाही मी."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "तो एक शब्द तेवढा मी नीट केला."

"आई!"

"अगं, काय अभद्र लिहिलं होतं त्यात! धडधाकट पोरीची गेल्याची तारीख विचारतात. आणि तूही लिहून मोकळी."

"सरकारी कागद आहे तो!"

"सरकारला आई नाही, मला माहीत आहे," आई म्हणाली. "पण तुला आहे."

ताईला हसावं की रडावं कळेना. ती शेवटी उठली आणि आईच्या पाठीला डोकं टेकून उभी राहिली. मी ठरवून टाकलं की या घरात शहाणी एकटी मीच.

दुष्काळात तेरावा महिना म्हणजे खालच्या मजल्यावरचे मास्तर. शाळेतून निवृत्त झालेले, आयुष्यात खोटं न बोललेले, आणि ते प्रत्येकाला सांगणारे. ते एका संध्याकाळी हसत हसत वर आले.

"चौकशीवाल्या बाई आल्या होत्या माझ्याकडे," मास्तर म्हणाले. "शेजारी म्हणून विचारलं. मी छान सांगितलं हो. मुलगी अतिशय हुशार, तिकडेच स्थायिक झाली आहे, मोठ्या पगारावर, स्वतःचं घर आहे, इथे सुट्टीला आली आहे."

बाबांच्या हातातून सुई पडली.

"असं कुणी सांगितलं तुम्हाला?" ताईने विचारलं.

"कुणी म्हणजे? तुझ्या बाबांनी. दर महिन्याला सांगतात."

मास्तर चहा घेऊन खाली उतरले. मग आम्ही तिघी बाबांकडे बघत राहिलो. ते बराच वेळ सुई शोधत होते. सुई त्यांच्या पायाशीच होती.

"अहो, लोक विचारायचे," ते शेवटी म्हणाले. "अजून शिकतेय सांगितलं की म्हणायचे, अजून? किती वर्षं? नापास होते का? मग एकदा म्हटलं, स्थायिक झाली. तर गप्प बसले. बरं वाटलं. मग पगार वाढवला थोडा."

"आणि घर?" आईने विचारलं.

"घर मागच्या वर्षी घेतलं."

मला हसू आवरेना. ताई मात्र हसली नाही. परवाना संपायला फार दिवस उरले नव्हते. तिच्या शिक्षकांचंही पत्र आलं होतं, टेबल अजून किती राखून ठेवू म्हणून. त्या दिवशी तिने पहिल्यांदा माळ्यावरच्या तिच्या मोठ्या बॅगेकडे बघितलं. आईने ते पाहिलं आणि भांडी घासायला घेतली. घासलेलीच भांडी.

चौकशीच्या आदल्या दिवशी आई कामाला लागली. पाहुणे येणार म्हटलं की आमच्याकडे आधी घर लपवतात. जे जे जुनं, विटकं, रोजचं, ते सगळं पोत्यात भरून माळ्यावर. ताईची धुऊन धुऊन पारदर्शक झालेली चादर गेली, निळा कप गेला, रॅकवरचे जुने जोड गेले, तिची शाळेतली छत्री गेली. पहिल्या वर्षी वर्गात शिकताना तिने स्वतःच्याच पायाचा प्लास्टरचा ठसा घेतला होता, तो पांढरा पाय इतकी वर्षं खिडकीत उभा होता, तोही गेला. त्यांच्या बदल्यात नवी चादर आली, नवा पडदा आला. कपाटाच्या उजव्या दारामागे ताईचे चांगले तेवढे कपडे एकेका अंतरावर टांगले, दुकानात लावतात तसे. माझी सुटकेस बाबांच्या दुकानात रवाना झाली. मी म्हटलंसुद्धा, "आई, हे आपलं घर वाटत नाही." तर म्हणाली, "छान दिसतंय ना?" अति तेथे माती, ती अशी.

चौकशीवाल्या बाई सकाळी आल्या. कापलेले करडे केस, खांद्याला जाड पिशवी, चेहऱ्यावर हसूही नाही आणि रागही नाही. बाबांनी आधी त्यांच्या पायांकडे बघितलं, ती सवयच आहे त्यांची. बाईंच्या उजव्या बुटाची शिवण उसवली होती. बाबांचे हात शिवशिवले, पण आईने डोळे वटारले.

बाईंनी पिशवीतून ताईचा अर्ज काढला. "हे कुणी खोडलं?"

"मी," आई म्हणाली. लाजली वगैरे अजिबात नाही.

"येते म्हणाल्याची तारीख म्हणजे?"

"निघताना दारात येते म्हणाली ती तारीख."

"म्हणजे गेल्याचीच तारीख."

"नाही हो," आई समजावणीच्या सुरात म्हणाली. "गेली ती जाणारी. ही येणारी होती."

बाईंनी काहीतरी लिहिलं. मग बाबांकडे वळल्या. "शेजारी म्हणतात, मुलीचं तिकडे स्वतःचं घर आहे. तुम्ही सांगितलंत म्हणतात. हे खोटं आहे?"

"खोटं असं नाही," बाबा घाम पुसत म्हणाले. "बढाई आहे."

ताईने सगळी उत्तरं पाठ केली होती. कुठल्या वर्षी कुठे, कुठल्या सुट्टीत किती दिवस इथे, तिकडे वसतिगृहाची खोली, स्वतःचं घर कधीच नाही. ती शाळेत उभं राहून सांगितल्यासारखं सांगत होती. तिचे हात मागे होते आणि मला दिसत होतं की ती बोटं मोडतेय. बाईंनी विचारलं, "तिकडे नोकरी तयार आहे ना तुमच्यासाठी?" ताई "हो" म्हणाली आणि पुढचं पाठ केलेलं विसरली.

मग बाई आमच्या खोलीत आल्या. नव्या चादरीच्या कोपऱ्याला दुकानाची चिठ्ठी अजून टाचलेली होती. बाईंनी ती बोटाने उलटी करून किंमत वाचली. कपाटाचं दार उघडून टांगलेले कपडे बघितले आणि मिटलं.

"ही खोली आता लावलेली आहे, ते दिसतंय," त्या म्हणाल्या. "मला मागच्या वर्षांचं विचारायचं आहे." आणि माझ्याकडे वळल्या. "ताई परदेशी होती तेव्हा इथे कोण राहायचं?"

"मी."

"एकट्या?"

"हो."

"ठीक." त्यांनी पेन टेकवलं. "म्हणजे ताई गेल्यावर खोली तुमची झाली."

घरचे मला लवंगी म्हणतात ते उगाच नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"माझी? कुठली माझी! माझी झाली असती तर मी त्या खाटेवर झोपले नसते? खिडकी तिकडे आहे बघा, उन्हाळ्यात वारा तिकडूनच येतो. इतके उन्हाळे मी इथे दाराशी उकडून निघाले आणि ती खाट रिकामी! तिच्यावर टॉवेल ठेवायची चोरी. आई दर रविवारी तिची चादर बदलते. रिकाम्या खाटेची! मी म्हटलं, माझी बदल, तर म्हणे तू मोठी झालीस, तुझी तू बदल. माझे कपडे सुटकेसमध्ये, का, तर कपाटात ताईचे. शाळेतले! आता तिला ते दंडातसुद्धा जायचे नाहीत. कप तिचा, छत्री तिची, रॅक तिचं. माझ्या चपला जिन्यात, विचारा मास्तरांना, ते खोटं बोलत नाहीत!"

"लवंगे," बाबा कळवळून म्हणाले.

"पण कुठे आहे हे सगळं?" बाईंनी विचारलं. "मला तर काही दिसत नाही."

"दिसणार कसं? माळ्यावर लपवलंय!"

मी खुर्ची ओढली, वर चढले आणि पोतं खाली खेचलं. माझं तोंड आधीच सुटलं होतं, आता पोत्याचंही सुटलं. जमिनीवर सगळं पसरलं. चादर, छत्री, कप, एकाच मापाचे बुटांचे जोड, आणि त्यांच्यामधून गडगडत आलेला तो प्लास्टरचा पाय. तो बाईंच्या पायाशी येऊन थांबला. आईने तोंडाला पदर लावला.

बाई खाली वाकल्या. त्यांनी एक जोड उचलून उलटा केला. मग दुसरा, मग तिसरा.

"हे वापरलेले आहेत," त्या म्हणाल्या. "सगळे."

"मग? सुट्टीत आली की ते घालूनच हिंडते," मी म्हटलं. माझा पारा अजून उतरला नव्हता. "डावी टाच बाहेरून झिजवते. शेवटच्या दिवशी रॅकवर ठेवते आणि आई पुसत बसते. तुम्हीच सांगा, याला काय अर्थ आहे? माणूस नसलं तर निदान जागा तरी मोकळी होते. आमच्याकडे ती नसते तेव्हासुद्धा असतेच!"

बाईंनी पेन उघडलं.

"शेवटचं वाक्य पुन्हा सांगा," त्या म्हणाल्या. "जरा हळू."

मी सांगितलं. सांगताना मात्र मी काय बोलून गेले ते माझ्या लक्षात आलं. बाईंनी ते शब्दाला शब्द लिहून घेतलं आणि माझी सही घेतली. माझ्या सहीला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी किंमत दिली.

ताई पोत्याशेजारी जमिनीवर बसली होती. तिच्या हातात ती पातळ झालेली चादर होती.

"दर रविवारी?" तिने आईला विचारलं. "मी नसताना?"

"धूळ बसते गं," आई म्हणाली.

ताईला रडू फुटलं. चांगलं मोठ्याने, नाक ओढत, पाठ केलेलं सगळं विसरून. "मला परत नाही जायचं हो," ती बाईंना म्हणाली. "मी शिकले ते टपालवाल्या काकांसाठी. ते अजून लंगडतात. मला त्यांचा पाय करायचाय, इथे, आणि संध्याकाळी जिना चढून घरी यायचंय. बस." बाईंनी हे लिहून घेतलं नाही, पण पेन खाली ठेवून ऐकलं.

निघताना बाबांना राहवेना. "बाई, तो बूट द्या, दोन मिनिटांत टाका घालून देतो."

"निर्णय होईपर्यंत मला तुमच्याकडून पाणीसुद्धा घेता येत नाही," बाई म्हणाल्या. दारात त्या वळल्या. "बरं, जाते मी."

"येते म्हणा!" आईच्या तोंडून निघून गेलं.

बाई थबकल्या. "येते," त्या म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

दार लागल्यावर आई मटकन खाली बसली. "अगं बाई, मी परत चौकशीला बोलावलं की काय त्यांना!"

पुढचे दिवस कसे काढले ते आम्हालाच माहीत. मी घरात कुणाच्या नजरेला नजर देत नव्हते. मला वाटत होतं, भांडणाच्या भरात मी ताईचा पाय घराबाहेर काढला. ताई म्हणायची, "लवंगे, तू बोललीस ते खरं बोललीस." पण तिचा परवाना संपत आला होता आणि माळ्यावरची मोठी बॅग आता खाली उतरली होती. रिकामीच होती अजून. आई येता-जाता तिला पायाने भिंतीकडे सरकवायची.

निर्णयाचं पाकीट टपालवाल्या काकांनीच आणलं. खरं तर खालच्या पेटीत टाकायचं, पण ते दोन मजले लंगडत वर आले आणि ताईच्या हातात देऊन तिथेच उभे राहिले. ताईने उघडलं. तिची नजर खालपर्यंत गेली, पुन्हा वर आली.

"मंजूर," ती म्हणाली.

बाबांनी काकांना मिठी मारली, दोघेही पडता पडता वाचले. आईने पत्र मागून घेतलं आणि चष्मा लावून वाचलं. त्यात एक ओळ होती: शिक्षणाच्या काळात अर्जदार घरी नसतानाही घरातच होत्या, असं सोबत राहणाऱ्या बहिणीच्या जबाबावरून दिसून येतं. ताईने मला जवळ ओढून माझे केस विस्कटले. मी म्हटलं, "आता खिडकी?" ती म्हणाली, "घे."

दोन दिवसांनी चौकशीवाल्या बाई दुकानात आल्या. उसवलेला बूट काउंटरवर ठेवला, पैसे आधी देऊन पावती घेतली आणि टाका पडेपर्यंत स्टुलावर बसून राहिल्या. निघताना स्वतःच 'येते' म्हणाल्या.

खिडकीजवळची खाट मला मिळाली. आईनेच चादर घातली. कपाटाचं उजवं दारही मोकळं करून दिलं, ताईचे शाळेतले कपडे बांधून देऊनही टाकले. इतकी वर्षं जे धनावरच्या नागासारखं राखलं, ते तिने एका दुपारी हसत हसत आवरलं. रॅकवर माझ्या चपला आल्या. मी राणीसारखी खिडकीशी झोपले. वारा खरंच छान येत होता.

मग ताईच्या नोकरीचा पहिला दिवस आला. तिने बाबांनी शिवलेला नवा जोड घातला, डबा घेतला, किल्ली शोधली, पुन्हा हरवली, पुन्हा शोधली. पहिलं काम टपालवाल्या काकांच्या पायाचं होतं. तिच्या डोक्यात सगळे त्याचेच विचार. दार उघडता उघडता ती म्हणाली, "चला, जाते गं!"

मी आईच्या ओरडण्याची वाट बघितली. आई ओट्याशी होती, हात कणकेत. तिने मान वर केली नाही.

"जा," ती म्हणाली. अगदी सहज. जणू पोरगी येणार की नाही हे आता विचारायलाच नको, जणू 'जाते' या शब्दावर तिचा काही राग उरला नाही.

दार लागलं. जिन्यावर ताईची पावलं वाजत खाली जायला लागली, डावं जरा जास्त वाजणारं. बाबा खाली दुकानात होते. घरात आई आणि मी. मला काय झालं ते कळलं नाही. आयुष्यभर ज्या शब्दावरून मी आईशी भांडले, तो माझ्या घशाशी येऊन उभा राहिला. मी तशीच अनवाणी धावले, जिन्याच्या कठड्यावरून वाकले आणि ओरडले, "ताई! जाते काय! येते म्हण!"

खाली मास्तरांचं दार उघडलं. पावलं थांबली. दोन मजल्यांच्या मधून ताईने वर बघितलं, हसली, आणि सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं म्हणाली, "येते गं, लवंगे!"

"ये," मी म्हटलं.